गर्भाशयातील गाठी आणि उपचारांची निवड : ‘काढणे’ या क्रियापदाच्या संदर्भात

रोग आणि भाषा यांच्या संबंधाचा विचार बहुधा परिभाषेच्या अंगानेच केला जातो. परकी वैद्यकीय संज्ञेसाठी मराठी प्रतिशब्द कोणता योजावा, तो संस्कृतोद्भव असावा की बोलीतला, एवढ्यावरच चर्चा थांबते. परंतु रोगी जेव्हा आपल्या दुखण्याविषयी बोलतो आणि त्यावरील उपाय पत्करतो, तेव्हा त्याच्या हाती कोशातील संज्ञा नसतात. रोजच्या बोलण्यातील नामे, क्रियापदे आणि वाक्प्रचार असतात. ही सामग्री निवडीच्या कामी कितपत पुरी पडते, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारावयास हवा.

गर्भाशयात होणाऱ्या फायब्रॉइड गाठी हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय. या रोगावर उपाय एक नाही, अनेक आहेत. बहुतेक प्रसंगी निर्णयाची घाई नसते. कोणता उपाय पत्करावा हे गाठीच्या स्वरूपाइतकेच स्त्रीच्या वयावर, तिच्या इच्छेवर आणि परिस्थितीवर अवलंबून असते. असे असूनही मराठी बोलीत या दुखण्यासंबंधीच्या निर्णयाची दोनच क्रियारूपे ठळकपणे रूढ दिसतात : दुखणे ‘अंगावर काढणे’ आणि पिशवी ‘काढून टाकणे’. या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशाचा परिचय करून देणे आणि तो भाषेत अनामिक का राहिला याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रोगाचे स्वरूप

गर्भाशयाची भिंत मुख्यतः अनैच्छिक स्नायूंची बनलेली असते. या स्नायूंच्या पेशी एके ठिकाणी वाढून जो घट्ट, गोलसर गोळा तयार होतो, तो फायब्रॉइड होय. तो वाटाण्याएवढा असू शकतो, तसाच पोट वर दिसण्याइतका मोठाही होऊ शकतो. एका गर्भाशयात अशी एकच गाठ असते किंवा अनेक असतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर तिची वाढ अवलंबून असल्यामुळे पाळी येण्याच्या वयात ती वाढते आणि पाळी कायमची थांबल्यावर सामान्यतः आकसते.

हा विकार विरळा नाही. अमेरिकेतील ३५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार पन्नाशीपर्यंत सुमारे ७० टक्के गौरवर्णीय आणि ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गर्भाशयात अशी गाठ निर्माण झालेली असते. अर्थात यांपैकी पुष्कळजणींना तिचा त्रास होत नाही. अन्य कारणासाठी सोनोग्राफी केली असता ती सहज नजरेस पडते.

त्रास होणे न होणे हे आकारापेक्षाही पुष्कळदा गाठीच्या जागेवर ठरते. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी लहानशी गाठदेखील भयंकर रक्तस्राव घडवू शकते. उलट गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ पाळीत फारसा फरक न पाडता केवळ मूत्राशयावर वा आतड्यावर दाब देत राहते. भिंतीतच असलेली गाठ या दोहोंच्या मध्ये येते. यास्तव ‘गाठ केवढी आहे?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘गाठ कोठे आहे?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. कारण पुढील बहुतेक उपायांची शक्याशक्यता त्याच्या उत्तरावर ठरते.

२. नावांचा इतिहास

‘फायब्रॉइड’ या संज्ञेचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. ही गाठ स्नायुपेशींपासून उद्भवते हे रुडॉल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये दाखवून दिले. तरीही १८६० च्या दशकात रोकितान्स्की व क्लोब यांच्या लेखनातून ‘तंतुसदृश’ अशा अर्थाची ही संज्ञा पुढे आली आणि तीच लोकांच्या तोंडी रुळली. मराठीतील ‘तंतुमय गाठ’ हा शब्दप्रयोग त्याच संज्ञेची छाया आहे. गाठीत तंतुमय द्रव्याचाही मोठा साठा असतो, त्यामुळे हे नाव सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही. पण ते उगम सांगत नाही, एवढे खरे.

पारिभाषिक मराठीत यासाठी ‘अर्बुद’ या शब्दाचाही आधार घेतला गेला आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वर्णन एकाच अध्यायात, पण वेगवेगळे केलेले आहे. आधुनिक मराठीत मात्र ‘अर्बुद’ म्हटले की वाचकाच्या मनात कर्करोगाची छाया उमटते. बोलीतील ‘गाठ’ या शब्दाचीही तीच स्थिती आहे. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट अशा कितीतरी निरुपद्रवी आणि मंगल प्रयोगांतून वावरणारा हा शब्द रुग्णालयाच्या दारात शिरताच ‘कॅन्सरची गाठ’ या एका जोडशब्दाने झाकोळला जातो.

वस्तुस्थिती अशी की फायब्रॉइड हा कर्करोग नव्हे आणि त्याचे कर्करोगात रूपांतर होणे ही नेहमीची गोष्ट नव्हे. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांपैकी थोड्यांच्या बाबतीत ती गाठ सार्कोमा नावाच्या घातक जातीची निघते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ३५० स्त्रियांत एक असे अंदाजिले आणि पोटात गाठीचे तुकडे करणाऱ्या यंत्राच्या वापराविषयी इशारा दिला. पाळी थांबल्यानंतरही वाढत राहणाऱ्या गाठीकडे म्हणूनच दुर्लक्ष करून चालत नाही. परंतु हा अपवाद लक्षात ठेवणे वेगळे आणि प्रत्येक गाठीला त्या भयाने सामोरे जाणे वेगळे. ‘पुढे कॅन्सर होईल’ या एका वाक्याने उपचारांची तुलना सुरू होण्यापूर्वीच संपते.

३. रक्तस्रावाची भाषा

या विकाराचे प्रमुख लक्षण म्हणजे पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव. त्याचे वर्णन करण्यास मराठी स्त्रीपाशी कोणते शब्द आहेत? ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची आहे’, ‘अडचण आली’, ‘दूर बसली’ हे सर्व प्रयोग पाळी आली एवढेच सांगतात. आणि तेही शरीराच्या नव्हे, तर घरातील वावराच्या भाषेत. स्पर्शास्पर्शाची व्यवस्था सांगणे हा त्यांचा हेतू असल्यामुळे स्रावाचे मान त्यांत येत नाही. ‘अंगावरून जाते’ या वाक्यात कर्ता उच्चारलाच जात नाही. ‘पांढरे जाते’, ‘लाल जाते’ असे म्हटले तरी विशेषणालाच नामाचे काम करावे लागते. परिमाण सांगावयाचे झाल्यास ‘खूप’ किंवा ‘फार’ या क्रियाविशेषणांपलीकडे वाट नाही. आणि जिला पहिल्यापासून फारच जात आले आहे, तिला ते ‘फार’ वाटतही नाही.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतही ग्रीक-लॅटिन घडणीच्या संज्ञांचा इतका गोंधळ होता की एकच संज्ञा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या अर्थाने वापरली जाई. २००५ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत जुन्या संज्ञा टाकून द्याव्यात आणि ज्यांचा सर्व भाषांत सहज अनुवाद होईल, ज्या रुग्ण स्त्रीलाही समजतील, अशा साध्या वर्णनपर शब्दांचा स्वीकार करावा, असा विचार पुढे आला. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या जागतिक संघटनेने तो मान्य केला. मराठीत मात्र ‘अत्यार्तव’ आणि ‘रक्तप्रदर’ यांसारखे शब्द अद्याप पाठ्यपुस्तकांतून नांदत आहेत.

व्याख्येतही असाच पालट झाला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील १९६६ च्या अभ्यासापासून एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे ही अतिरिक्त स्रावाची सीमा मानली जात होती. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये निराळा निकष स्वीकारला : ज्या स्रावामुळे स्त्रीच्या शारीरिक, सामाजिक, मानसिक वा आर्थिक जीवनात बाधा येते, तो अतिरिक्त स्राव. ही व्याख्या स्त्रीच्या कथनावर उभी आहे. म्हणून कथनाची भाषा दुबळी असेल, तर निदानही दुबळे होते. कपडा किंवा पॅड किती तासांनी बदलावा लागतो, रात्री उठावे लागते काय, गुठळ्या पडतात काय, किती दिवस कामाला जाता येत नाही, या चार प्रश्नांची उत्तरे तीन महिने टिपून ठेवली तरी ‘खूप’ या शब्दाला मान प्राप्त होते.

४. ‘अंगावर काढणे’

‘दिवस काढणे’, ‘रात्र काढणे’ या प्रयोगांत ‘काढणे’ म्हणजे कसाबसा काळ घालविणे. ‘दुखणे अंगावर काढणे’ यात हाच अर्थ आहे. फक्त काळाचा भार शरीरावर टाकलेला आहे. या प्रयोगात निंदा आणि कौतुक दोन्ही मिसळलेली असतात. ‘अंगावर काढू नकोस’ असे सांगणारी आईच ‘आम्ही सगळे अंगावरच काढले’ हे अभिमानाने सांगते.

या वाक्प्रचारामागील वास्तव राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या पाहणीने उघड केले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळला. आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या सर्व आजारांत फायब्रॉइडचा वाटा किती हा येथे मुद्दा नाही. सोसणे हाच जेथे प्रघात आहे, तेथे गाठीचे दुखणे त्याला अपवाद ठरत नाही, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

सोसण्याची किंमत रक्तात मोजली जाते. महिन्यामागून महिने अधिक रक्त गेले की शरीरातील लोहाचा साठा संपतो, हिमोग्लोबिन उतरते, चढ चढताना धाप लागते आणि कामाचा उरक कमी होतो. याला घरात ‘अशक्तपणा’ म्हणतात आणि तो स्वभावाचा वा वयाचा भाग समजला जातो. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त मुळातच कमी, तेथे अतिरिक्त स्रावामुळे आलेला रक्तक्षय वेगळा उठून दिसत नाही. म्हणून गाठीविषयी निर्णय काहीही होवो, हिमोग्लोबिन तपासून लोहाची भरपाई सुरू करणे हे पहिले पाऊल होय.

५. ‘काढून टाकणे’

सोसणे असह्य झाले की दुसरे ‘काढणे’ पुढे येते. येथे ‘टाकणे’ हे सहायक क्रियापद अर्थपूर्ण आहे. ‘काढून ठेवणे’ यात वस्तूची किंमत राहते, ‘काढून घेणे’ यात ती कोणास तरी लाभते. ‘काढून टाकणे’ यात ती निरुपयोगी ठरते. त्यास ‘पिशवी’ या शब्दाची साथ मिळते. ठेवण्याजोगे काही उरले नाही की पिशवीचा उपयोग संपतो. ‘मुले झाली, आता पिशवी काय करायची?’ हा प्रश्न या रूपकातच दडलेला आहे. ‘गर्भाशय’ हा संस्कृत शब्द योजल्याने फरक पडत नाही, कारण ‘आशय’ म्हणजेही साठविण्याचे स्थान. दोन्ही शब्द अवयवाला त्याच्या एकाच कार्यावरून ओळखतात.

मराठी वाक्यात कर्म गाळता येते, ही तिसरी गोष्ट. ‘काढून टाकू या’ असे म्हटले असता काय काढावयाचे? गाठ, गर्भाशय, की त्याबरोबर अंडाशयही? ‘पिशवी’ या शब्दात अंडाशय धरले आहेत की नाहीत हे ऐकणारीला कळण्याचा मार्ग नसतो. हा भेद मात्र फार मोठा आहे. पाळी थांबण्याच्या वयापूर्वी दोन्ही अंडाशय काढले तर संप्रेरकांचा पुरवठा एकाएकी तुटतो. हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशय राखले तरीही गर्भाशय काढल्यानंतर पाळी थांबण्याच्या अवस्थेतील बदल काहीसे लवकर सुरू होण्याचा संभव असतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रश्नाने या क्रियापदाचा सामाजिक अर्थ महाराष्ट्रापुढे आणला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या आकडेवारीनुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, हंगामापूर्वी घेतलेली ‘उचल’ आणि कामावर न गेल्यास पडणारा ‘खाडा’ या व्यवस्थेत पाळीचे दिवस हे नुकसानीचे दिवस ठरतात. या शस्त्रक्रिया केवळ फायब्रॉइडसाठी झाल्या असे म्हणता येत नाही. परंतु जेथे विश्रांती, तपासणी आणि औषध यांपैकी काहीच हाताशी नसते, तेथे ‘अंगावर काढणे’ आणि ‘काढून टाकणे’ यांच्यामध्ये तिसरी पायरी उरत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती अमलात आणण्याचा आदेश दिला.

याचा अर्थ गर्भाशय काढणे हा उपाय त्याज्य आहे, असा मुळीच नाही. गाठी पुन्हा होणार नाहीत याची हमी देणारा तो एकच उपाय होय. ज्या स्त्रीने इतर उपाय जाणून वा अनुभवून तो पत्करला, तिला त्यापासून मोठी सुटका मिळू शकते. आक्षेप आहे तो निवड न होता झालेल्या शस्त्रक्रियेला.

६. मधला प्रदेश

या दोन टोकांमधील उपायांना रूढ मराठी नावे नाहीत. तथापि साध्या क्रियापदांनी त्यांची ओळख करून देता येते. पाहणे, आवरणे, आकसवणे, तोडणे आणि निवडून काढणे अशी ही श्रेणी मांडता येईल.

पहिले ‘पाहणे’. त्रास नसेल किंवा सोसण्याजोगा असेल, पाळी थांबण्याचे वय जवळ असेल, तर ठरावीक काळाने तपासणी करीत थांबणे हा मान्य उपाय आहे. चरकसंहितेत रक्तगुल्माविषयी सांगताना गर्भाचा भास उत्पन्न करणाऱ्या या विकाराची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावर करावी, असे म्हटले आहे. रक्तगुल्म म्हणजेच फायब्रॉइड असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. पण कारण देऊन आणि मुदत ठरवून थांबणे ही चिकित्साच असते, ही जाण तेथे दिसते. ‘पाहणे’ आणि ‘अंगावर काढणे’ यांत हाच भेद आहे. पहिल्यात पुढील तपासणीची तारीख असते, हिमोग्लोबिनचा आकडा असतो. दुसऱ्यात दोन्ही नसतात.

‘आवरणे’ म्हणजे गाठ तशीच ठेवून रक्तस्राव कमी करणे. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे औषध स्रावाच्या दिवसांपुरते घ्यावयाचे असते आणि त्यात संप्रेरक नसते. संप्रेरकयुक्त गोळ्या, तसेच गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त साधन हेही याच वर्गात येतात. गाठीमुळे पोकळी वेडीवाकडी झाली असल्यास हे साधन निसटण्याची शक्यता वाढते, म्हणून येथेही गाठीच्या जागेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो.

‘आकसवणे’ यात इस्ट्रोजेनचा प्रभाव तात्पुरता रोखून गाठ लहान केली जाते. यासाठीची इंजेक्शने बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी काही महिने दिली जातात. दीर्घकाळ दिल्यास हाडांची हानी होते आणि थांबविल्यावर गाठ पुन्हा वाढते. एलॅगोलिक्स आणि रेलुगोलिक्स यांची संयुक्त औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२० व २०२१ मध्ये मान्य झाली. त्यांचा मुख्य उपयोग स्राव आटोक्यात आणण्यासाठी असून त्यांनाही चोवीस महिन्यांची मर्यादा घातलेली आहे. युलिप्रिस्टल या औषधाने यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे आढळल्यामुळे युरोपात २०२० मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले. नवे औषध म्हणजे निर्धोक औषध, असा समज करून घेणे यास्तव बरे नव्हे.

‘तोडणे’ म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा तोडणे. मांडीच्या वा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेऊन सूक्ष्म कण सोडले जातात आणि गाठ सुकत जाते. पॅरिस येथील राविना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. नेदरलँड्समधील एका तौलनिक अभ्यासात तो उपचार घेतलेल्या सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांना दहा वर्षांनंतरही गर्भाशय काढावे लागले नव्हते. याचाच दुसरा अर्थ असा की सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांना ते काढावे लागले. पुढे गर्भधारणेची इच्छा असल्यास या उपायाविषयी अधिक सावध राहावे लागते.

‘निवडून काढणे’ म्हणजे गर्भाशय राखून केवळ गाठ काढणे. पोकळीत आलेली गाठ पोटावर छेद न घेता योनिमार्गे दुर्बिणीने काढता येते; इतर गाठींसाठी पोटातून दुर्बिणीची किंवा उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. मूल हवे असणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने हा महत्त्वाचा उपाय आहे. परंतु नव्या गाठी होऊ शकतात आणि गर्भाशयावर राहिलेल्या व्रणामुळे पुढील प्रसूतीच्या वेळी सिझेरियनचा सल्ला दिला जाऊ शकतो. ब्रिटनमधील २५४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘तोडणे’ व ‘निवडून काढणे’ या दोहोंनी स्त्रियांचे जीवनमान सुधारले; दोन वर्षांनंतर दुसऱ्या गटातील सुधारणा अधिक होती.

हे सर्व उपाय सर्वत्र मिळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रक्तवाहिनीत नळी घालून करण्याच्या उपचारासाठी विशेष यंत्रणा आणि प्रशिक्षित तज्ज्ञ लागतात, आणि ते मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत. तथापि लोहाच्या गोळ्या, स्राव आवरणारे औषध आणि मुदतीची तपासणी यांसाठी मोठे शहर गाठावे लागत नाही. मधल्या प्रदेशाचा निदान अर्धा भाग तरी सामान्य स्त्रीच्या आवाक्यात आणता येण्याजोगा आहे.

७. उपसंहार

नवे पारिभाषिक शब्द घडवून हा प्रश्न सुटणार नाही. ‘धमनी-अंतःशल्यन’ असा शब्द कोशात आला म्हणून ऊस तोडणाऱ्या स्त्रीची निवड सोपी होत नाही. गरज आहे ती वाक्य पूर्ण करण्याची. ‘काढून टाकू’ या वाक्यात गाळलेले कर्म उच्चारले जावे : काय काढणार आणि काय राहणार? गाठ कोठे आहे? न काढता आवरता येईल काय? अंडाशय राहणार काय? सहा महिने थांबल्यास काय होईल? यांतील एकही प्रश्न विचारण्यास अवघड शब्दांची आवश्यकता नाही. संमतिपत्रावर जिचा अंगठा वा सही घेतली जाते, तिला या प्रश्नांची उत्तरे तिच्याच बोलीत मिळणे ही संमतीची पहिली अट होय.

स्त्रियांच्या दुखण्याच्या बोलींचे पद्धतशीर संकलन हे भाषाविभागांना करता येण्याजोगे काम आहे. वऱ्हाडात, मराठवाड्यात, कोकणात वा गोव्यात स्राव, वेदना आणि थकवा यांसाठी कोणते शब्द आहेत, त्यांतील कोणते प्रमाण दाखवतात आणि कोणते केवळ लाज झाकतात, हे ठाऊक असल्यावाचून प्रश्नावली तयार करणारा वैद्य आणि उत्तर देणारी स्त्री यांची गाठ पडत नाही. ती पडली, तर पुष्कळजणींना ‘काढणे’ या शब्दाच्या दोन्ही टोकांपासून दूर राहून थोडा विचार करावयास अवकाश मिळेल.